‘अग्रँडाइज’ या इंग्रजी क्रियापदाचा नेमका अर्थ कोणता, आणि मराठीत ते कसे मांडावे?

प्रश्न : भाषांतरकार, कोथरूड

नमस्कार. उत्तर पेशवाईवरील काही इंग्रजी लेखांचे मराठी भाषांतर सध्या माझ्याकडे आहे. या लेखांत ‘अग्रँडाइज’ हे क्रियापद आणि ‘अग्रँडिजमेंट’ हे त्याचे नाम वारंवार येते, आणि दर वेळी माझी लेखणी अडते.

एके ठिकाणी लेखक म्हणतो की, एका कारभाऱ्याने तहाच्या वाटाघाटींतील स्वतःची भूमिका आपल्या पत्रांमधून ‘अग्रँडाइज’ केली. येथे ‘फुगवून सांगितली’ हे सहज बसते. पुढे तोच लेखक म्हणतो की, त्या काळातला प्रत्येक मोठा सरदार आपले घराणे ‘अग्रँडाइज’ करण्याच्या मागे होता. येथे ‘फुगवणे’ चालत नाही, कारण जहागिरी, फौज आणि दरबारातला मान हे सारे प्रत्यक्षात वाढत होते. त्यात सांगोवांगीचे काही नव्हते. तिसऱ्या ठिकाणी कंपनीच्या पत्रव्यवहाराविषयी लिहिताना ‘टेरिटोरियल अग्रँडिजमेंट’ असा प्रयोग येतो. त्यासाठी मी ‘राज्यविस्तार’ लिहिले आहे, परंतु मूळ वाक्याचा जो डंख आहे, तो मराठीत उतरलेला नाही असे मला वाटते.

हा शब्द मुळात महत्त्वाची अतिशयोक्ती करण्याचा आहे, की खरोखर मोठे होण्याचा? ‘एक्झॅजरेट’ आणि ‘अग्रँडाइज’ यांत नेमका फरक कोणता? एखादा आजार, अडचण किंवा बातमी ‘अग्रँडाइज’ केली असे इंग्रजीत म्हणतात का? आमच्या संपादकांचा आग्रह आहे की संपूर्ण पुस्तकात एका इंग्रजी शब्दासाठी एकच मराठी शब्द असावा, आणि या शब्दापुरता तरी तो आग्रह मला पाळता येईल असे दिसत नाही.


उत्तर : निवृत्त इंग्रजी अध्यापक, सदाशिव पेठ

ताई, आपल्या संपादकांचा आग्रह पारिभाषिक शब्दांसाठी योग्य आहे. या क्रियापदासाठी तो सोडावा लागेल, आणि त्याचे कारण शब्दाच्या घडणीतच आहे.

लॅटिनमध्ये ‘ग्रँडिस’ म्हणजे मोठा. त्यावरून फ्रेंचमध्ये ‘आग्राँदिर’, म्हणजे मोठे करणे, हे क्रियापद झाले आणि सतराव्या शतकात ते इंग्रजीत आले. म्हणजे मूळ अर्थ साधा ‘मोठे करणे’ हाच आहे. मात्र मोठे करणे दोन प्रकारे होऊ शकते. माणसाची सत्ता, संपत्ती, दर्जा वाढवून त्याला प्रत्यक्ष मोठे करता येते, किंवा तो आहे त्याहून मोठा आहे असे भासवता येते. इंग्रजीने या दोन्ही गोष्टींना एकच क्रियापद दिले आणि कोणता अर्थ घ्यायचा हे वाक्यावर सोपवले. आपल्या पहिल्या उदाहरणात दुसरा अर्थ आहे, दुसऱ्या उदाहरणात पहिला. मराठीत ‘मोठेपणा’ या नामातही ही दुहेरी छटा आहे, कारण ‘त्यांचा मोठेपणा’ म्हटले की आदर दिसतो आणि ‘मोठेपणा मिरवतो’ म्हटले की नापसंती दिसते. पण क्रियापदाच्या रूपात असा एकच शब्द आपल्याकडे रुळलेला नाही.

आता ‘एक्झॅजरेट’विषयी. दोन्ही शब्दांत ‘ग’ जोडीने येतो म्हणून विद्यार्थ्यांना ती भावंडे वाटतात, पण त्यांचा परस्परांशी संबंध नाही. ‘एक्झॅजरेट’च्या मुळाशी लॅटिन ‘आगेर’ आहे, ज्याचा अर्थ ढीग किंवा मातीचा बंधारा. भर घालत घालत ढीग रचणे हा त्यातला भाव, आणि म्हणून ते कशालाही लागू होते. आजार, खर्च, गर्दी, पाऊस, मुलाचे गुण, शेजाऱ्याचा आवाज, यांतले काहीही ‘एक्झॅजरेट’ करता येते. आपल्या शालेय व्याकरणात अतिशयोक्ती अलंकारासाठी हमखास येणारे दमडीच्या तेलाचे उदाहरण आठवा. त्यात तेल वाढते, कोणाचे महत्त्व वाढत नाही. ‘अग्रँडाइज’ला मात्र कर्म लागते ते माणसाचे, घराण्याचे, संस्थेचे, राज्याचे, किंवा त्यांच्या भूमिकेचे, पदाचे, कर्तृत्वाचे. ज्याला दर्जा असू शकतो, तेच ‘अग्रँडाइज’ होते.

म्हणून आजार किंवा अडचण ‘अग्रँडाइज’ केली असे लिहिलेले इंग्रजी वाचकाच्या कानाला खटकते. तेथे ‘एक्झॅजरेट’ किंवा ‘मॅग्निफाय’ हवे, आणि मराठीत आपल्याकडे ‘बाऊ करणे’, ‘राईचा पर्वत करणे’ हे नेमके प्रयोग तयार आहेत. बातमीसाठी ‘तिखटमीठ लावणे’ आहेच. यांपैकी एकही वाक्प्रचार ‘अग्रँडाइज’साठी चालणार नाही. कारभाऱ्याने आपल्या भूमिकेचा बाऊ केला, असे लिहिले तर अर्थच पालटेल, कारण बाऊ नेहमी संकटाचा होतो, कर्तृत्वाचा होत नाही.

व्याकरणाचा एक मुद्दा उरतो. हे क्रियापद सकर्मक म्हणूनच वापरावे. ‘तो फार अग्रँडाइज करतो’ असे कर्माशिवाय वाक्य करायचे नसते. तसे म्हणायचे असेल तर ‘सेल्फ-अग्रँडाइजिंग’ हे विशेषण वापरतात, आणि आजच्या इंग्रजीत हा शब्द भेटतो तो बहुधा याच रूपात. त्यासाठी मराठीत ‘आत्मप्रौढी मिरवणारा’ किंवा, जरा मोकळी भाषा चालत असेल तर, ‘स्वतःची टिमकी वाजवणारा’. शेवट ‘आयझेड’ने की ‘आयएस’ने हा वाद निरर्थक आहे, दोन्ही स्पेलिंग मान्य आहेत. उच्चारात मात्र एक गंमत आहे. क्रियापदात ‘डाइज’ असा दीर्घ ध्वनी येतो, तर नामात तो बहुधा आखडून ‘डिज’ होतो, आणि आपण ते तसेच लिहिले आहे याबद्दल आपले अभिनंदन.


उत्तर : वकील, शिवाजीनगर

अध्यापक महोदयांनी सांगितलेले बहुतेक सर्व मान्य. फक्त कायद्याच्या आणि राज्यशास्त्राच्या लेखनात हा शब्द अतिशयोक्तीपासून पूर्ण तुटलेला आहे, एवढी पुस्ती जोडतो.

अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९७६ साली ‘बकली विरुद्ध व्हॅलिओ’ या निवडणूक-खर्चासंबंधीच्या खटल्यात असे म्हटले की, शासनाच्या तीन अंगांमधील अधिकारविभागणी ही एका अंगाने दुसऱ्याच्या क्षेत्रात केलेल्या अतिक्रमणापासून आणि दुसऱ्याचे नुकसान करून साधलेल्या ‘अग्रँडिजमेंट’पासून संरक्षण देणारी तरतूद आहे. तेव्हापासून अधिकारविभागणीच्या वादांत ‘अतिक्रमण’ आणि ‘अग्रँडिजमेंट’ ही जोडी पुनःपुन्हा उद्धृत होते. येथे कोणी काही फुगवून सांगत नाही. एक अंग खरोखरीच अधिक अधिकार आपल्याकडे ओढून घेते. मी मराठीत मसुदा करताना ‘अधिकारवृद्धी’ लिहिले असते, पण त्या शब्दात ‘दुसऱ्याच्या पदरचे घेऊन’ हा भाग येत नाही, म्हणून ‘परस्पर अधिकार वाढवून घेणे’ असे थोडे लांब लिहिणे मी पसंत करीन. मराठीतल्या ‘परस्पर’ला जो ‘विचारल्याशिवाय, मधल्यामध्ये’ असा वास आहे, तो येथे फार उपयोगी पडतो.


उत्तर : इतिहासप्रेमी, नारायण पेठ

‘टेरिटोरियल अग्रँडिजमेंट’साठी ‘राज्यविस्तार’ लिहिल्यावर डंख निसटतो हे आपले निरीक्षण अगदी बरोबर आहे, आणि तो का निसटतो याचा विचार केला पाहिजे. ‘राज्यविस्तार’ हा शब्द ज्याने राज्य वाढवले तोही अभिमानाने वापरतो. शाळेच्या पुस्तकात ‘बाजीरावाने राज्यविस्तार केला’ असे कौतुकाने लिहिलेले असते. ‘अग्रँडिजमेंट’ मात्र आधुनिक इंग्रजीत कोणी स्वतःविषयी लिहीत नाही. हा शब्द दोनच जागी येतो, दुसऱ्यावर आरोप करताना किंवा स्वतःवरचा आरोप नाकारताना.

नाकारण्याचे सर्वांत प्रसिद्ध उदाहरण १९४१च्या ऑगस्टमधील अटलांटिक सनदेचे आहे. रूझवेल्ट आणि चर्चिल यांनी त्या सनदेच्या पहिल्याच कलमात जाहीर केले की, आमचे देश प्रादेशिक किंवा अन्य कोणत्याही प्रकारची ‘अग्रँडिजमेंट’ इच्छीत नाहीत. तेथे ‘आम्हांला राज्यविस्तार नको’ असे भाषांतर केले तर अर्थ कळतो, पण ‘आम्हांला कोणाचे लुबाडून मोठे व्हायचे नाही’ हा त्यातला नैतिक सूर कळत नाही.

आता आपल्या विषयाकडे येतो. १७८४च्या पिट्स इंडिया कायद्यात ब्रिटिश पार्लमेंटाने असे नमूद करून ठेवले होते की, हिंदुस्थानात जिंकून राज्य वाढवण्याच्या योजना आखणे हे राष्ट्राच्या इच्छेला, प्रतिष्ठेला आणि धोरणाला धरून नाही. त्यानंतर १८०२चा वसईचा तह झाला, १८०३चे युद्ध झाले, १८१७च्या नोव्हेंबरात खडकीच्या लढाईनंतर शनिवारवाड्यावर युनियन जॅक चढला आणि १८१८मध्ये पेशवाई संपली. या काळातील इंग्रजी कागदांत शिंदे, होळकर किंवा टिपू यांनी मुलूख वाढवला की ती महत्त्वाकांक्षा ठरते आणि कंपनीने तेच केले की ते शांतता आणि सुरक्षितता यांसाठी ठरते. आपला लेखक ‘टेरिटोरियल अग्रँडिजमेंट’ हा प्रयोग कोणाच्या तोंडी घालतो आहे, हे प्रथम पाहावे. कंपनीच्या अधिकाऱ्याच्या तोंडी असेल तर ‘राज्यलोभ’ किंवा ‘मुलूख गिळण्याची वृत्ती’ हवे. लेखक स्वतः तटस्थपणे बोलत असेल तर ‘मुलूख वाढवून बलाढ्य होणे’ पुरे. कोणी ‘मुलूखगिरी’ सुचवण्याआधीच सांगून ठेवतो की तो शब्द येथे बसणार नाही, कारण मुलूखगिरी म्हणजे फौज घेऊन खंडणी वसूल करण्यासाठी काढलेली मोहीम, आणि तीत जमीन ताब्यात ठेवलीच पाहिजे असे नसते.


उत्तर : संस्कृतची अभ्यासक, एरंडवणे

‘सेल्फ-अग्रँडाइजिंग’साठी संस्कृतात एक नेमका शब्द आहे, तो नोंदवून ठेवते. ‘दशरूपक’ या धनंजयाच्या नाट्यशास्त्रीय ग्रंथात धीरोदात्त नायकाच्या लक्षणांमध्ये ‘अविकत्थन’, म्हणजे स्वतःची बढाई न मारणारा, हे विशेषण येते आणि धीरोद्धत नायकाला उलट ‘विकत्थन’ म्हटले आहे. धीरोदात्ताला ‘निगूढाहंकार’ असेही म्हटले आहे, म्हणजे त्याला अहंकार नसतो असे नव्हे, तो झाकलेला असतो. आजच्या मराठी वाचकासमोर ‘विकत्थन’ ठेवा असे मी म्हणणार नाही, परंतु ‘आत्मश्लाघा’ हा त्याच जातीचा शब्द छापील मराठीत अजून जिवंत आहे आणि तो आपल्या कारभाऱ्याला शोभेल.


उत्तर : पुरातत्त्वाचा विद्यार्थी, येरवडा

आमच्या विषयात या क्रियापदापासून झालेले एक नाम पारिभाषिक म्हणून वापरतात, त्याचा उल्लेख येथे झालेला नाही. कॅनडातील पुरातत्त्वज्ञ ब्रायन हेडन यांच्या मांडणीत ‘अग्रँडायझर’ म्हणजे समाजात अद्याप राजा किंवा सरदार नसताना, मेजवान्या घालून, भेटी देऊन आणि लोकांना उपकाराच्या ऋणात बांधून हळूहळू स्वतःचे वजन वाढवणारा महत्त्वाकांक्षी माणूस. समानतेवर चालणाऱ्या वस्त्यांत विषमता कशी शिरली, याचे एक स्पष्टीकरण म्हणून ही संकल्पना मांडली जाते.

आपल्या जिल्ह्यातले उदाहरण घ्यायचे तर शिरूर तालुक्यात घोड नदीकाठी इनामगाव येथे डेक्कन कॉलेजने १९६८पासून केलेल्या उत्खननात ताम्रपाषाणयुगीन वस्ती मिळाली. तीत पाच खोल्यांचे एक मोठे घर आणि त्याला लागून धान्याचे कोठार सापडले, आणि ते घर वस्तीच्या प्रमुखाचे असावे असे उत्खननकर्त्यांनी मानले. त्या प्रमुखाला ‘अग्रँडायझर’ म्हणावे की नाही हा वेगळा वाद आहे, कारण कोठार शेजारी असणे म्हणजे धान्य त्याचेच असणे नव्हे. परंतु या वापरात महत्त्व भासवणे आणि महत्त्व मिळवणे या एकाच प्रक्रियेच्या दोन पायऱ्या आहेत. मेजवानी हा देखावा असतो, आणि तो देखावा यशस्वी झाला की सत्ता खरी होते. अध्यापक महोदयांनी केलेले दोन अर्थांचे विभाजन शब्दकोशासाठी ठीक आहे, पण प्रत्यक्षात ते इतके स्वच्छ नसते, असे मला नम्रपणे सुचवायचे आहे.


उत्तर : निवृत्त इंग्रजी अध्यापक, सदाशिव पेठ

आपली सूचना मला आवडली. आपल्या चौकाचौकांतील फ्लेक्सवर ‘कार्यसम्राट’ आणि ‘भावी नगरसेवक’ ही बिरुदे झळकतात, तेव्हा तोच प्रकार चालू असतो. फलक लावताना ते भासवणे असते. पुढे तिकीट मिळाले तर तेच साधन ठरते. तरीही भाषांतरकाराला वाक्यागणिक एक बाजू निवडावी लागतेच, त्यामुळे विभाजन मी सोडणार नाही.

नारायण पेठेतील मित्रांच्या आरोपाच्या मुद्द्याला मात्र एक मर्यादा घालतो. अठराव्या शतकातील इंग्रजीत ‘आपले घराणे अग्रँडाइज करणे’ हे नेहमीच दूषण नव्हते. मराठीत ‘घराणे नावारूपाला आणणे’ म्हणतो, त्याच्या जवळचा तो प्रयोग होता. नापसंतीचा रंग पुढे गडद होत गेला. तेव्हा जुने कागद उद्धृत केलेले असतील तेथे शब्दाला आजची धार लावू नये.


उत्तर : भाषांतरकार, कोथरूड

सर्वांचे मनःपूर्वक आभार. कारभाऱ्यासाठी मी ‘वाटाघाटींतील स्वतःचे महत्त्व त्याने पत्रांमधून वाढवून मांडले’ असे ठरवले आहे. ‘आत्मश्लाघा’ मोहक आहे, पण त्यात पत्रांचा धूर्तपणा येत नाही. त्या माणसाने प्रौढीपोटी नव्हे, तर पुढची नेमणूक मिळावी म्हणून तसे लिहिले होते. सरदारांसाठी ‘घराण्याची सत्ता आणि मानमरातब वाढवणे’. कंपनीच्या बाबतीत तो प्रयोग एका अधिकाऱ्याच्या पत्रातच आहे, म्हणून ‘राज्यलोभ’ घेते. संपादकांना हा धागा पाठवला आहे.

याच लेखांत आणखी एक वाक्य आहे. त्यात लेखक म्हणतो की, त्या तहाचे महत्त्व ‘कॅनॉट बी अंडरस्टेटेड’. संदर्भ पाहता त्याला तह फार महत्त्वाचा होता असे म्हणायचे आहे, यात शंका नाही. मग शब्दशः पाहता ते वाक्य उलटे नाही का?


उत्तर : निवृत्त इंग्रजी अध्यापक, सदाशिव पेठ

उलटेच आहे, आणि इंग्रजी मातृभाषा असलेले लेखकही ते सर्रास लिहितात. ‘ओव्हरस्टेट’ म्हणजे आहे त्याहून वाढवून सांगणे. ‘कॅनॉट बी ओव्हरस्टेटेड’ म्हणजे वाढवून सांगणे शक्यच नाही, कितीही सांगितले तरी ते खऱ्या महत्त्वाच्या आतच राहील. त्याच हिशेबाने ‘कॅनॉट बी अंडरस्टेटेड’चा अर्थ, कितीही कमी सांगितले तरी ते पुरेसे कमी होणार नाही, असा निघतो, म्हणजे तह अगदी क्षुल्लक होता असा. नकार आणि ‘अंडर’मधला उणेपणा एकत्र आले की मनातल्या मनात होणारी वजाबाकी चुकते.

तथापि असे लिहिणाऱ्यांची एक बाजू आहे. इंग्रजी ‘कॅनॉट’ला ‘शक्य नाही’ आणि ‘करता कामा नये’ असे दोन्ही अर्थ आहेत. दुसरा अर्थ घेतला तर ‘महत्त्व कमी करून सांगता कामा नये’ असे वाक्य निघते, आणि ते सरळ आहे. मराठीत आपण ‘या तहाचे महत्त्व कमी लेखता येणार नाही’ असे बिनधास्त लिहितो आणि कोणालाही ते उलटे वाटत नाही, कारण आपले ‘येणार नाही’ अशा ठिकाणी अनुचितता दाखवते. म्हणून भाषांतरात आपल्याला लेखकाची चूक दुरुस्त करण्याचीही गरज नाही; मराठी वाक्य आपोआप योग्य बाजूला पडते.

याच कुळातील इतर क्रियापदे वेगवेगळ्या जागी चुकतात, तेवढे ध्यानात ठेवावे. ‘ओव्हरएस्टिमेट’मध्ये मनातला अंदाज चुकतो, ‘ओव्हररेट’मध्ये लायकीचे मोल चुकते, आणि ‘ओव्हरस्टेट’मध्ये फक्त तोंडचे किंवा लेखणीचे बोलणे वाढलेले असते, बोलणाऱ्याला खरे काय ते ठाऊक असू शकते. आपल्या कारभाऱ्याने स्वतःला ‘ओव्हरएस्टिमेट’ केले असते तर तो भाबडा ठरला असता.


उत्तर : वकील, शिवाजीनगर

प्रतिपक्षाच्या युक्तिवादात ‘कॅनॉट बी अंडरस्टेटेड’ दिसले की मी ते शब्दशः वाचून दाखवतो. त्याने खटला जिंकला जात नाही, परंतु समोरचा वकील पुढच्या अर्जात ‘महत्त्व सांगावे तेवढे थोडेच’ असे मराठीत लिहितो.